काटेसाहेबांचे अकरा किलो

काटेसाहेबांचं वजन दोन वर्षांत अकरा किलोंनी वाढलं, आणि त्यातला एकही किलो त्यांनी खाल्लेला नव्हता. असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणणं कसलं, जबानीच ती. छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून घासलेला माणूस. कुठल्या दुकानाची तागडी किती झुकते हे पायरीवरून ओळखायचा. खात्यातल्यांनी कौतुकाने आणि दुकानदारांनी दात खाऊन ठेवलेलं ‘काटेसाहेब’ हे नाव निवृत्तीनंतरही त्यांना चिकटून राहिलं होतं. कोर्टात त्यांनी शपथेवर सांगितलेलं वजन आजवर एकाही वकिलाला ग्रॅमभर हलवता आलं नव्हतं. आणि अशा माणसाला त्याची लग्नाची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रोज विचारत होती, "अहो, खरं सांगा. बाहेर काय खाता?"

अकरा किलो म्हणजे किती, हे तिने त्यांना आकड्यात कधी सांगितलं नाही. ती म्हणायची, तुम्ही माझ्या शिलाई मशीनचं डोकं पोटाला बांधून जिना चढता. काटेसाहेबांनी एकदा ती झोपलेली असताना मशीनचं डोकं उचलून तोललं. दहा किलो आठशे निघालं. बायकोचा अंदाज इतका जवळ आलेला पाहून त्यांना जास्तच अपमान वाटला.

त्यांचं म्हणणं असं, की दोष गोळीचा आहे. निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. गुलाबी, मसुराएवढी. ती हृदयाचे ठोके कमी करते, हे डॉक्टरनेच सांगितलं होतं. आता इंजिन निम्म्यावर आणलं तर कोळसा कमी जळणार आणि उरलेला कुठेतरी साठणार, हे कुणालाही कळेल. बायको म्हणाली, कोळसा जळतो किती ते मला नका सांगू, फावड्याने आत टाकतंय कोण ते सांगा.

मग तिने शोध घेतला. कोटाचे खिसे, पुस्तकांच्या मागची जागा, स्कूटरची डिकी, पादत्राणांचं कपाट. दोन वर्षांत हाती लागला तो एक चुरगळलेला कागद, त्याला गोड वास. त्यावर तीन दिवस चौकशी चालली. शेवटी तो तिनेच दिलेल्या खोकल्याच्या गोळीचा निघाला, तरी आरोपी निर्दोष सुटला नाही, त्याला फक्त संशयाचा फायदा मिळाला.

लोकांना वाटतं, जाड माणसाला पोटाचं दुःख असतं. पोटाचं दुःख पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं की संपतं. काटेसाहेबांचं दुःख निराळं होतं. ज्या माणसाच्या शब्दावर दुकानांना कुलपं लागली, त्याच्या शब्दाला त्याच्याच घरात किंमत नव्हती. त्यांना बारीक व्हायचं नव्हतं. त्यांना खरं ठरायचं होतं, तेही लेखी, शिक्क्यासह.

शेजाऱ्यांनी मदत केली. म्हणजे सल्ले दिले. वैद्यकी करायला परवाना लागतो, गाडी चालवायला लागतो, साधी पानपट्टी टाकायला लागतो. जाड माणसाला सल्ला द्यायला मात्र काही लागत नाही, समोर जाड माणूस असला की पुरे. वरच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहायचे, त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. ते म्हणाले, उलटं चाला. उलटं चालताना शरीर गोंधळतं आणि गोंधळलेलं शरीर चरबी जाळतं. काटेसाहेब दोन दिवस गच्चीवर उलटे चालले आणि तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर पाठीमागून आदळले. शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंनी गरम पाणी सांगितलं. इस्त्रीवाल्याने थंड पाणी सांगितलं. दोघेही स्वतः चांगले गरगरीत होते, पण ते बोलून दाखवायची आपल्याकडे रीत नाही. सल्ला देऊन झाला की प्रत्येक जण निघताना आवाज खाली आणून म्हणायचा, "पण काटेसाहेब, खाणं थोडं आवरा." म्हणजे निकाल सगळ्यांनी आधीच लावलेला होता.

अशात औषधाच्या दुकानात त्यांना भिंतीवरचा एक कागद दिसला. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे शरीर कॅलरी कमी जाळतं का, याचा अभ्यास एका संशोधन संस्थेत चालू होता. अशा गोळ्या घेणारे स्वयंसेवक हवे होते. काटेसाहेबांनी तो कागद तिथे उभ्याने तीनदा वाचला. औषध मागायला आलेली चार माणसं मागे खोळंबली. दुकानदार म्हणाला, "साहेब, घेऊन जा तो कागद." त्यांनी नेला.

संस्थेत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, काटेसाहेबांच्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी समजावलं. एक लहान खोली आहे, हवाबंद. आत पलंग, टेबल, खुर्ची, पडद्याआड संडास, आणि एक काचेची खिडकी. आत किती हवा जाते ते मोजायचं, बाहेर येते ती तपासायची. आतल्या माणसाने किती प्राणवायू वापरला ते त्यावरून कळतं, आणि त्यावरून त्याच्या शरीराने दिवसभरात किती कॅलरी जाळल्या ते काढता येतं. एकदा गोळीवर असताना चोवीस तास, एकदा नसताना चोवीस तास. शिवाय पूर्ण काळ घरी जे खाल तेही तोलून वहीत लिहायचं.

काटेसाहेबांना गहिवरून आलं. आख्ख्या माणसाला तोलायची तागडी असते हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

संमतीपत्र एकोणीस पानांचं होतं. असली पत्रं लिहिणारे ती कुणी वाचावीत म्हणून लिहीत नाहीत; कुणी वाचू नयेत याची पूर्ण काळजी घेऊन लिहितात. काटेसाहेबांनी ती वाचली. दोन तास दहा मिनिटं बाहेरच्या बाकावर बसून वाचली आणि लाल पेनाने सात दुरुस्त्या करून आत नेली. त्यातल्या दोन खरोखरच्या चुका होत्या. पत्र मंजुरीसाठी पुन्हा समितीकडे गेलं. समितीची बैठक महिन्यातून एकदा व्हायची.

बैठक झाली. मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना वजनाला उभं केलं. काटेसाहेब उभे राहिले नाहीत. वाकून यंत्राच्या मागची चिठ्ठी वाचू लागले. त्या यंत्राच्या पडताळणीची मुदत संपून तीन महिने झाले होते.

"ह्या यंत्रावर मी पाय ठेवणार नाही," ते म्हणाले. "माझ्या हातात असतं तर मी ह्याला सील केलं असतं."

डॉक्टरीणबाई हसल्या, त्यांना वाटलं गंमत आहे. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर गंमत नाही. यंत्र पडताळणीला गेलं. ते परत यायला तीन आठवडे लागले, कारण ज्या कार्यालयात ते गेलं तिथे काटेसाहेबांनीच घडवलेली माणसं बसत होती आणि ती घाई करणारी नव्हती. यंत्र दीडशे ग्रॅम कमी दाखवत होतं. त्या अभ्यासात आधी येऊन गेलेल्या अकरा जणांचे आकडे पुन्हा काढावे लागले. यंत्रांची देखभाल करणारा मध्यमवयीन यंत्रवाला त्या दिवसापासून काटेसाहेब आले की नट कसायला दुसऱ्या खोलीत जायचा.

तिसरा खटका गोळीवरून उडाला. तीन आठवडे खरी गोळी, तीन आठवडे कोरी, रंगारूपाने हुबेहूब तशीच पण आत काही नाही. आणि कुठली कधी हे त्यांनाही कळणार नव्हतं, डॉक्टरीणबाईंनाही नाही. ते एका बंद लिफाफ्यात. बदल हळूहळू होणार होता, दर दोन दिवसांनी दाब तपासून, म्हणजे जिवाला धोका नव्हता. धोका तत्त्वाला होता. आत माल नाही हे माहीत असून बाहेरून भरल्याचं दाखवायचं, यासाठी त्यांनी माणसांना कोर्टात उभं केलं होतं. इथे तेच काम समितीच्या सहीशिक्क्याने चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की खोट्याशी ताडून पाहिल्याशिवाय खरं किती ते कळत नाही. काटेसाहेब घरी गेले, रात्रभर त्यावर विचार केला आणि सकाळी फोन करून कळवलं की युक्तिवाद मान्य आहे, फक्त ‘कोरी’ असं न म्हणता ‘रिकामी’ म्हणावं.

वहीचं काम त्यांना जड नव्हतं. निवृत्तीनंतर तोलायला दुसरं काही उरलं नाही म्हणून घरातलं सगळं तेच तोलून देत. दाणे, साखर, पाव, खजूर, लोणी. त्यासाठी त्यांची स्वतःची छोटी पितळी तागडी होती, लाकडी पेटीतली, मखमलीत निजलेली, मुदतीत पडताळलेली. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल, मध्ये काटा. काटा मधोमध उभा राहीपर्यंत ते श्वास रोखून धरत. ह्या वेळी बायकोने स्वयंपाकघरात थांबू नये असा नियम होता, कारण तिच्या पदराच्या वाऱ्याने काटा हलतो. तिलाही तेवढाच वेळ बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसायला मिळे, म्हणून हा नियम तिने कधी मोडला नाही. तोलून झालं की ते वहीत लिहीत. दाणे, तीस ग्रॅम. खजूर, पन्नास ग्रॅम. लोणी, दहा ग्रॅम. अक्षर असं की कुठेही खाडाखोड नाही. डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, इतकी नीट वही आजवर कुणी दिली नाही. हे वाक्य त्यांनी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

मग खोलीत जायचा दिवस आला. बायको खिडकीपर्यंत सोडायला आली. काचेतून तिने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा पलंगाकडे पाहिलं आणि यंत्रवाल्याला विचारलं की गादी नवीन आहे का. दार बंद झालं. काटेसाहेब खुर्चीत बसले. बाहेर पडद्यावर त्यांच्या श्वासाची रेघ उमटत होती. नुसतं बसलं तरी कुणीतरी आपल्याला मिनिटामिनिटाला मोजतंय, आणि आपला शब्द मध्ये न घेता मोजतंय, ह्या विचाराने त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी पायावर पाय टाकला. निवृत्तीनंतर इतकं समाधान त्यांना लाभलं नव्हतं.

दोन तास सगळं ठीक चाललं. मग त्यांना दाराशेजारी, जमिनीलगत, बारीक सूं आवाज ऐकू आला. त्यांनी कागदाची पट्टी फाडून तिथे धरली. पट्टी फडफडली. म्हणजे हवाबंद खोलीत हवा शिरत होती. गळकं माप. दुसऱ्या कुणी घंटी वाजवून विचारलं असतं. पण ज्याने आयुष्यभर गळकी मापं जागच्या जागी बंद केली, तो विचारत बसत नाही. दाढी करताना कापलं तर असावी म्हणून त्यांनी चिकटपट्टी बरोबर आणली होती. चार पट्ट्या एकावर एक लावून त्यांनी ते भोक बुजवलं, वरून अंगठ्याने दाबलं आणि समाधानाने पलंगावर आडवे झाले.

ते भोक म्हणजे खोलीत ताजी हवा यायची वाट होती. तिथून येणारी हवाच तर मोजायची असते. बाहेर रेघा कोसळल्या. पडद्यानुसार खोलीतला माणूस निजलेल्या कासवाइतक्या कॅलरी जाळत होता आणि दर मिनिटाला आणखी कमी. यंत्रवाला धावत आला, डॉक्टरीणबाई धावत आल्या, दार उघडलं. आत काटेसाहेब उठून बसले आणि म्हणाले, तुमच्या खोलीला गळती होती, मी थांबवलीय.

यंत्रवाल्याने सहा वर्षांच्या नोकरीत प्रथमच तोंड उघडून मनातलं सांगितलं. ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. चिकटपट्टीचा डिंक निघायला दोन दिवस गेले, दिवस फुकट गेला, सगळं पुन्हा. दुसऱ्या खेपेला आत पाठवण्यापूर्वी काटेसाहेबांचे खिसे तपासले गेले. निदान हे काम करणारी त्यांची बायको नव्हती, एवढाच काय तो बदल.

पण झालं. चोवीस तास झाले, मधले तीन आठवडे झाले, पुन्हा चोवीस तास झाले. काटेसाहेबांनी काही चिकटवलं नाही. सहा आठवडे वही भरली. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही बोलावून घेतलं. काटेसाहेबांनी कोर्टात जायचा कोट घातला. बायकोही बरी साडी नेसली, म्हणजे तिलाही निकालाची उत्सुकता होती.

डॉक्टरीणबाईंच्या समोर काटेसाहेबांची वही उघडी होती. लिफाफा अजून उघडायचा होता, त्या म्हणाल्या, गोळीचं नंतर कळेल. अडचण दुसरी होती. खोलीच्या मापाने काटेसाहेबांचं शरीर दिवसाला साधारण एकवीसशे कॅलरी जाळतं. वहीच्या मापाने ते खातात साडेसतराशे. असं असतं तर सहा आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ दोन किलोंनी उतरायला हवं होतं. ते होतं तिथेच होतं.

"म्हणजे रोज साडेतीनशे कॅलरी कुठून तरी येतायत, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि त्या वहीत नाहीत."

काटेसाहेबांनी वहीकडे पाहिलं, कुठेही खाडाखोड नव्हती.

डॉक्टरीणबाई मुळातल्या चांगल्या होत्या, आणि चांगली माणसं जेव्हा मऊ आवाजात बोलतात तेव्हा जास्त लागतं. त्या म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक लोक कमीच लिहितात, आम्हाला सवय आहे. फक्त नियमाप्रमाणे तुमच्या नावापुढे शेरा मारावा लागेल, आणि तुमचे आकडे अभ्यासातून वगळावे लागतील. शेरा त्यांनी लिहून ठेवलेला होता. काटेसाहेबांना तो उलटा दिसत होता, पण दुकानदारांच्या वह्या समोरून उलट्या वाचण्यात त्यांची हयात गेली होती. ‘नोंद विश्वासार्ह नाही.’

त्यांना हवं होतं ते सगळं त्या कागदावर होतं. लेखी होतं, सहीसाठी जागा होती, शिक्काही टेबलावर पडलेला होता. त्यांचा हात कोटाच्या वरच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला. वाद घालायचा तरी कशावर? यंत्र पडताळलेलं होतं. पडताळणी त्यांनीच करायला लावली होती.

आता खरं तर बायकोचा विजय होता. दोन वर्षं ती जे म्हणत होती ते एका शिकलेल्या बाईने कागदावर लिहून दिलं होतं. तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. बटणावरचा हात पाहिला. आणि तिचं टाळकं फिरलं.

"हे खोडा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मावशी, आकडे बोलतात, मी नाही.

"ह्यांना खादाड म्हणा, माझी ना नाही. मी रोज म्हणते. पण ह्यांनी चुकीचं वजन लिहिलं असं म्हणू नका. लग्नात माझ्या अंगावरचे दागिने ह्यांनी भटजींना थांबवून तोलले होते. माझ्या भावाशी कायमचं वाकडं आलं, पण आकडा बदलला नाही ह्यांनी. असला माणूस दाण्यांसाठी खोटं लिहील?"

काटेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. लग्नातला तो प्रसंग तिने गेल्या पस्तीस वर्षांत पुष्कळदा काढला होता, पण त्यांच्या बाजूने हा पहिल्यांदा.

ती थांबली नाही. तिने पिशवीतून लाकडी पेटी काढली, दाण्यांचा डबा काढला, टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि नवऱ्याला म्हणाली, तोला. ह्यांच्यासमोर तोला. पाच वाजता खायचे दाणे अजून तोलायचेच आहेत. यंत्रवाला दारात येऊन उभा राहिला. मनातून त्यालाही ती तागडी जवळून पाहायची होती.

काटेसाहेबांनी कोटाच्या बाह्या मागे सारल्या. मखमल उलगडली. एका पारड्यात तीस ग्रॅमची वजनं ठेवली, वीसचं आणि दहाचं. दुसऱ्या पारड्यात डब्यातून दाणे ओतले. डब्याचं झाकण लावलं, कारण उघडा माल शेजारी ठेवू नये असा नियम आहे. काटा दाण्यांच्या बाजूला कलला. त्यांनी दोन बोटांनी चार दाणे उचलले आणि तोंडात टाकले. काटा हलला, पण अजून कललेलाच. आणखी तीन उचलले, तोंडात टाकले. मग दोन. मग एक. मग एका दाण्याचा अर्धा तुकडा पाडून, तो तुकडा. काटा थरथरला आणि मधोमध उभा राहिला. खोलीत कुणी श्वास घेतला नाही.

"तीस," काटेसाहेब म्हणाले, वही ओढली आणि लिहिलं, दाणे, तीस ग्रॅम. मग मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. साक्ष संपल्यावर पाहतात तसं.

यंत्रवाला छताकडे बघत होता. बायकोने तोंडाला पदर लावला होता.

"काका," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "तुमच्या तोंडात काय आहे?"

"जास्तीचं."

"ते लिहिलंत?"

"ते कसं लिहिणार? ते पारड्यात नाही."

आणि त्यांनी समजावून सांगितलं. समोर बसलेल्यांना हे साधं तत्त्व माहीत नसावं याचं त्यांना नवल वाटलं. माप म्हणजे पारड्यात जे आहे ते. जास्तीचा माल हा मापाचा भाग नाही. दुकानात तपासणी करताना तो परत पोत्यात जातो. घरी डब्याचं झाकण लागलेलं असतं, आणि अन्न टाकायचं नसतं, म्हणून... इथपर्यंत ते आले आणि अडखळले. म्हणून, असं पुन्हा म्हणाले. मग चावायचे थांबले.

माणसाला स्वतःची चूक कळते तो क्षण बघण्यासारखा असतो, असं लोक म्हणतात. नसतो. कुणी सभ्य असेल तर त्याने खिडकीबाहेर बघावं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं.

पण काटेसाहेब कच्चे नव्हते. त्यांनी तोंडातलं गिळलं, घोटभर पाणी घेतलं आणि एक रिकामी वाटी मागितली. मग वहीतल्या कालच्या दिवसाचा सगळा माल त्यांनी तिथेच पुन्हा तोलायला घेतला. खजूर आणि साखर बायकोच्या पिशवीत निघाली, पाव आणि लोणी यंत्रवाल्याने खालच्या उपाहारगृहातून आणलं. ह्या वेळी जास्तीचं तोंडात न टाकता वाटीत टाकायचं. हात दोनदा सवयीने वर गेला, दोन्ही वेळा बायकोने नुसतं घसा खाकरून तो खाली आणला. पावाचे कोपरे, खजुराचा तुकडा, बोटाला लागून चाटलं जाणारं लोणी, सगळं वाटीत. शेवटी त्यांनी वाटी तोलली, आधी रिकाम्या वाटीचं वजन वजा करून. डॉक्टरीणबाईंनी कॅलरी काढल्या. तीनशे चाळीस.

निवृत्तीपासून दोन वर्षं, रोज. बायको कोटाचे खिसे उलटे करत होती तेव्हा मुद्देमाल भर दिवसा स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शिस्तीत, पितळी तागडीच्या साक्षीने तोंडात जात होता. लपवलेलं काहीच नव्हतं, म्हणून सापडलं नव्हतं.

"दहा कॅलरी कमी पडतायत," काटेसाहेब म्हणाले. "साडेतीनशेला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढं चालतं.

"तुमच्याकडे चालत असेल."

पण आता त्यांच्या आवाजात दम आला होता. डॉक्टरीणबाईंनी शेरा खोडला. वगळायची गरज नाही, त्या म्हणाल्या, रोजची जास्तीची भर कळली म्हणजे वही दुरुस्त करता येईल. पण आता शेरा काय लिहू, असं त्यांनी विचारलं. काटेसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि कोर्टात सांगत तसं सांगितलं. तोल अचूक. नोंद प्रामाणिक. जास्तीचा माल निरीक्षकाने खाल्ला. खोडलेल्या ओळीशेजारी त्यांनी डॉक्टरीणबाईंची छोटी सही घेतली, तारखेसह, कारण सहीशिवायची खाडाखोड ग्राह्य नसते.

परत येताना बसमध्ये बायको पिशवी मांडीवर घेऊन दुकानांच्या पाट्या वाचत बसली. काटेसाहेब वाट पाहत होते. दोन वर्षांच्या बिनबुडाच्या आरोपांबद्दल एखादा शब्द तरी निघेल असं त्यांना वाटलं. त्यांचा थांबा यायला आला तेव्हा ती म्हणाली, "खोटारडे नव्हता तुम्ही." मग पिशवी सावरत उठली आणि म्हणाली, "पण खात होतात." काटेसाहेबांनी हे वाक्य दोन्ही बाजूंनी तपासलं. त्यात त्यांना काही खोट सापडली नाही.

महिन्याभराने लिफाफ्याचा निकाल टपालाने आला. गोळीमुळे काटेसाहेबांचं शरीर दिवसाला चाळीस कॅलरी कमी जाळत होतं. एकट्या माणसावरून काही ठरत नाही, अशी तळटीप होती. काटेसाहेबांनी चाळीस कॅलरींचे दाणे तोलले. आठ भरले. म्हणजे ते म्हणत होते ते अगदीच खोटं नव्हतं. आठ दाण्यांपुरतं गोळीने केलं होतं, बाकी त्यांनी. त्यांनी पत्र जपून पेटीच्या झाकणात ठेवलं आणि ही गोष्ट इमारतीत सगळ्यांना सांगितली, आकड्यांसह. ऐकणारे मान डोलवायचे आणि निघताना म्हणायचे, तरी पण खाणं आवरा.

आता संध्याकाळी ते तोलायला बसले की बायको समोर बसते. पदर खोचलेला, वारा लागू नये म्हणून. जास्तीचे दाणे ती हातावर घेते. वर आठ दाणे आणखी काढून घेते, हे गोळीचे म्हणून. हे सगळे दाणे पुढे कुठे जातात ते काटेसाहेब विचारत नाहीत. त्यांचे साडेतीन किलो उतरले आहेत आणि तिच्या ब्लाउजची शिवण परवा एका बाजूने उसवावी लागली, पण ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही.

परवा घड्याळकाका दारात उभे होते. आत तोलणं चालू होतं, बायको दार उघडायला उठली होती. काकांनी आवाज खाली आणून तिला विचारलं की साहेब खरंच कमी झाले, की अजून चोरून खातात.

"खातात," ती म्हणाली. "चोरून नाही. वजनाला माझा नवरा कधी खोटा नव्हता, आणि हे आता वर जाऊन सगळ्यांना सांगा."

आत काटेसाहेबांच्या समोर काटा कललेला होता. एकच दाणा जास्त होता, चांगला टपोरा. बायको दाराशी, बघायला कुणी नाही. त्यांनी तो उचलला नाही. पेटीतून एक ग्रॅमचं वजन काढलं, चिमट्याने, आणि दुसऱ्या पारड्यात ठेवलं. काटा उभा राहिला. त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, दाणे, एकतीस ग्रॅम.